चहाचं विरजण: कोंबुचा करताना आणि पिताना काय करावे, काय टाळावे

ज्याला दुधाला विरजण लावता येतं, त्याला कोंबुचा करता येतो. साखर घातलेला कोरा चहा घ्यायचा, त्यात आधीच्या खेपेचा आंबट चहा ओतायचा, बरणीच्या तोंडाला कापड बांधायचं आणि आठ-दहा दिवस वाट पाहायची. शहरातल्या कॅफेत जे पेय उंच ग्लासात, परदेशी नावाने आणि चढ्या भावाने समोर येतं, त्याचं मूळ एवढंच आहे.

तरी बरण्या बिघडतातच. माझ्या दोन बरण्यांना बुरशी आली, एक बाटली फुटली आणि एक अख्खी खेप मोरीत गेली. खालच्या सूचना बऱ्याचशा त्यातूनच सुचलेल्या आहेत.

आधी ओळख

करा: बरणीत कोण काय काम करतं हे समजून घ्या. पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. यीस्ट साखर फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि त्यांच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. मग अ‍ॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू ते अल्कोहोल हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आंबट करून टाकतात. हेच जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही बनवतात. म्हणजे एकाची उष्टावळ दुसऱ्याचं जेवण. जिवाणूंना हवा लागते, म्हणून बरणीला झाकण लावत नाहीत, कापड बांधतात.

टाळा: वर तरंगणाऱ्या जाड, बुळबुळीत चकतीला अळंबी म्हणणं. रशियन, जर्मन आणि जपानी लोकांनी तिला आपापल्या भाषेत ‘चहाची अळंबी’ हेच नाव दिलं, पण ती अळंबी नाही. जिवाणूंनी विणलेला तो सेल्युलोजचा पापुद्रा आहे, त्यात जिवाणू आणि यीस्ट अडकून राहिलेले असतात. नारळपाण्यावर याच जातीच्या जिवाणूंनी धरलेल्या जाड सायीचे तुकडे करून फिलिपिन्समध्ये ‘नाता द कोको’ नावाचा गोड पदार्थ करतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या चकतीला स्कोबी म्हणतात. मी साय म्हणतो, कारण ती दिसते तशीच.

टाळा: सायीची पूजा करणं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी सांगितलं जातं. नवशिका माणूस साय तळहातावर घेऊन फिरतो, तिचे फोटो काढतो, ती तळाला गेली की घाबरतो. खरं विरजण म्हणजे तिच्या भोवतीचा आंबट चहा. नुसता तो असला तर नवी साय आपोआप धरते. नुसती साय असली आणि आंबट चहा नसला, तर बुरशीला आवतण दिल्यासारखं होतं.

टाळा: जपानमध्ये जाऊन पारंपरिक चहाच्या दुकानात ‘कोंबुचा’ मागणं. तिथे कोंबु म्हणजे एक समुद्री शेवाळ आणि चा म्हणजे चहा. समोर येईल ते शेवाळाचं गरम, खारट पेय. आपल्या या पेयाला जपानीत ‘कोचा किनोको’ म्हणत आले आहेत. पश्चिमेकडे जाताना कुठेतरी नावांची गल्लत झाली आणि ती तशीच रूढ झाली.

टाळा: ‘दोन हजार वर्षांपूर्वीचं अमृत’ ही गोष्ट इतिहास म्हणून सांगणं. इसवी सन ४१४ मध्ये कोंबु नावाच्या कोरियन वैद्याने जपानच्या सम्राटाला हे पेय दिलं, अशी कथा अनेक बाटल्यांवर छापलेली असते. कथा म्हणून ऐकायला हरकत नाही. ठोस धागा मिळतो तो ईशान्य चीन आणि रशियाच्या बाजूचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशिया आणि जर्मनीत हे पेय घरोघरी पोचत होतं. सोव्हिएत काळात खिडकीत ठेवलेली तीन लिटरची काचेची बरणी आणि तोंडाला बांधलेली जाळी हे तिथलं नेहमीचं दृश्य होतं. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास याची लाट आली आणि ओसरली. अमेरिकेत बाटलीबंद धंदा जोर धरू लागला तो १९९० च्या दशकात.

करा: ‘आंबवलेला चहा’ म्हटल्यावर नेमका कोणता, हे विचारा. आसामच्या कारखान्यात चहापत्तीचं ‘फर्मेंटेशन’ करतात, पण त्यात जंतूंचं काम जवळजवळ नसतं. पानातलीच विकरं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पान तांबूस-काळं करतात, सफरचंदाची फोड काळी पडते तसं. चीनच्या युनान प्रांतातला पु-एर मात्र खरोखर जंतूंनी मुरवलेला चहा आहे. म्यानमारमध्ये चहाची पानं मुरवून चक्क खातात. त्याला लाफेत म्हणतात, आणि तेल, लसूण, शेंगदाणे, तीळ घालून त्याची कोशिंबिरीसारखी थाळी लागते. उत्तर थायलंडमध्ये तसाच मियांग चघळतात. या सगळ्यांत पान आंबतं. कोंबुचात पान बाजूला काढून टाकतात आणि काढा आंबतो. कोंबुचाचा एक सख्खा भाऊ आहे जून. त्यात साखरेऐवजी मध आणि काळ्याऐवजी हिरवा चहा असतो.

भांडी

करा: काचेची, रुंद तोंडाची बरणी घ्या. तोंड जितकं रुंद तितकी हवा जास्त आणि काम लवकर. तीन लिटरच्या बरणीत दोन लिटर चहा लावायचा, वर जागा सोडायची.

टाळा: तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम. हे मराठी घराला वेगळं सांगायची गरज पडू नये. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होतं. कोंबुचा ताकापेक्षाही आंबट असतो आणि भांड्यात आठवडाभर बसतो. चांगल्या स्टीलच्या पातेल्यात चहा उकळायला किंवा स्टीलच्या गाळणीने गाळायला हरकत नाही, मुक्काम मात्र काचेतच.

टाळा: लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी. दिसायला सुंदर, मोहही होतो, पण तिच्या झिलईत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला शिशाची विषबाधा झाली. सहा महिने ते झिलई दिलेल्या भांड्यात केलेला कोंबुचा पीत होते आणि आम्लाने झिलईतलं शिसं पेयात उतरवलं होतं.

करा: घट्ट विणीचं धुतलेलं सुती कापड, वरून रबर किंवा दोरा. जुनं धोतर उत्तम.

टाळा: चाळणीसारखं विरळ मलमल. आंबट वास आला की चिलटं येणारच आणि विरळ विणीतून ती आरामात आत जातात. पिकलेली केळी शेजारी ठेवली असतील तर विचारूच नका.

करा: बरणीवर चिठ्ठी लावा. तारीख लिहा आणि खाली ‘फेकू नये’ असंही लिहा. माझी मोरीत गेलेली खेप ती हीच. घरी कामाला येणाऱ्या मावशींना वाटलं, चहा नासलाय आणि वर काहीतरी धरलंय. त्यांनी बरणी घासून लख्ख करून पालथी घातली. चूक त्यांची नव्हती. ते पाहून कोणीही तेच केलं असतं.

पहिली खेप

करा: दोन लिटरचं माप असं. पाणी पावणेदोन लिटर, साखर दीडशे ग्रॅम, चहा १० ते १२ ग्रॅम आणि आधीच्या खेपेचा आंबट चहा पाव लिटर. साय असेल तर तीही. निम्मं पाणी उकळून त्यात चहा टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गरम असतानाच साखर विरघळवा आणि उरलेलं पाणी घाला. आपल्या घरातला सीटीसी, म्हणजे गोळीचा चहा चालतो, पण तो जोरकस उतरतो. त्याचं प्रमाण थोडं कमी ठेवा आणि चहा उकळत ठेवू नका. टपरीवरचा कडकपणा इथे कामाचा नाही.

टाळा: घाई. चहा पूर्ण थंड होऊ द्या. बोट घातल्यावर कोमटसुद्धा लागता कामा नये. विरजणाला दूध कोमट लागतं, याला गारच बरा. गरम चहात ओतलेलं विरजण जागीच मरतं, आणि ते मेलं हे कळायला आठवडा जातो.

टाळा: दूध, चहाचा मसाला, वेलदोडा आणि सुगंधी तेल लावलेले चहा. आलं-वेलचीला पुढे बाटलीत जागा आहे. बर्गमॉटचा वास असलेला अर्ल ग्रे इथे नको, त्यातलं तेल या जंतूंना मानवत नाही.

टाळा: साखर निम्मी करण्याची हुशारी. साखर तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे. ‘शुगर फ्री’ गोळ्यांवर तर यीस्ट उपाशीच राहतं. गूळ चालतो, पण रंग काळपट, चव काकवीसारखी आणि वागणूक प्रत्येक ढेपेगणिक वेगळी. पहिल्या तीन-चार खेपा पांढऱ्या साखरेवर करा, हात बसला की मग गुळाकडे वळा.

करा: नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर सगळंच पाणी उकळून गार करून घ्या.

करा: पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या आणा. शाळेतला लिटमस कागद नव्हे. तो फक्त आम्ल आहे की नाही एवढंच सांगतो. किती आम्ल, हे रंगांच्या तक्त्याशी जुळवायच्या पट्टीवर कळतं. विरजण घातल्याबरोबर आकडा ४.५ किंवा त्याखाली हवा. तो वर असेल तर आणखी आंबट चहा घाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत नको त्या जंतूंना दाराबाहेर ठेवतो तो हा आंबटपणाच. पाव लिटर विरजणात काटकसर करू नका असं म्हणतो ते यासाठीच. माझ्या बुरशी आलेल्या दोन्ही बरण्यांत मी अर्धी वाटी विरजण घालून ‘चालेल’ म्हटलं होतं.

विरजण मिळवताना

करा: जो नियमित करतो त्याच्याकडून आणा, आणि साय कमी, आंबट चहा भरपूर असं मागा. कोणाला द्यायचं असेल तर सायीबरोबर पाव लिटर तरी चहा द्या. कोरडी साय प्लास्टिकच्या पिशवीत घालून देणं म्हणजे रिकामी वाटी दाखवून ‘घ्या विरजण’ म्हणण्यासारखं.

करा: कोणी देणारं नसेल तर बाजारातली साधी, बिनस्वादाची, न तापवलेली कोंबुचाची बाटली विरजण म्हणून वापरा. तळाला थोडा गाळ दिसत असेल तर चांगलंच. नवी साय धरायला दोन ते तीन आठवडे लागतील.

ते आठ-दहा दिवस

करा: सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा. २४ ते २९ अंश सेल्सिअस हे त्यांचं सुखाचं तापमान. विदर्भातल्या मे महिन्यात पाच-सहा दिवसांतच शिरका होऊ लागतो, तर नाशिकच्या डिसेंबरात दोन आठवडे लागले तरी आश्चर्य वाटायला नको. पंचांग पाहून नव्हे, चाखून ठरवा.

टाळा: रोज हलवून, कापड सोडून, बोट घालून पाहणं. नवी साय पृष्ठभागावर पातळ पापुद्र्याने धरते, ती मोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विरजण लावलेलं पातेलं आपण दर तासाला हलवतो का?

करा: सहाव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने किंवा स्ट्रॉने बाजूने थोडं काढून चाखा. गोडी आणि आंबटपणा समसमान वाटले की थांबा. पट्टीवर आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये असावा. २.५ च्या खाली गेला तर ते प्यायचं पेय उरलं नाही.

करा: बुरशी ओळखायला शिका, कारण इथेच सगळे गोंधळतात. तपकिरी दोऱ्या, लोंबणाऱ्या जाळ्या, तळाचा गाळ हे सगळं यीस्ट आहे आणि चांगलं आहे. सायीला भोकं, फुगे, वेडावाकडा आकार, साय तळाला किंवा आडवी-तिडवी, यातलं काहीही चालतं. बुरशी कोरडी असते, लवदार असते, वरच्या पृष्ठभागावरच असते आणि बहुधा गोल ठिपक्यांनी येते. रंग पांढरा, हिरवा, निळसर किंवा काळा. शिळ्या भाकरीवर पाहिली आहे ना, तीच.

टाळा: बुरशी काढून बाकीचा चहा वाचवणं. सायीसकट सगळं फेका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि दुसऱ्याकडून विरजण आणा. मोरंब्यावरची बुरशी चमच्याने काढून खाली ‘चांगलाच आहे’ म्हणायची सवय असलेल्या माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हा धोका दुप्पट, भिंतींनाच बुरशी आलेली असते. त्या दिवसांत विरजण थोडं जास्त घाला.

टाळा: साय त्वचेवर चोळणं, जखमेवर लावणं. हे घरगुती उपाय म्हणून फिरतं. १९९० च्या दशकात इराणमध्ये दुखणं थांबावं म्हणून लोकांनी ही ‘अळंबी’ अंगावर लावली आणि त्वचेला अँथ्रॅक्सची लागण झाली. साय जिथे वाढली होती ती जागाच अस्वच्छ होती.

बाटलीत भरताना

आंबट झालेला चहा गाळून (पुढच्या खेपेसाठी पाव लिटर आधीच बाजूला काढून!) तसाच गार करून प्यायला तरी झालं. पण फेस हवा असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या फळाबरोबर दोन-तीन दिवस बाहेर ठेवायचा. उरलेली आणि फळातली साखर यीस्ट खातं, वायूला बाहेर जायला जागा नसते, तो पेयात विरघळतो. सगळी मजा इथे आहे आणि सगळा धोकाही.

करा: आपल्या मातीतली फळं वापरा. कोकमाची दोन-तीन आमसुलं आणि चिमूटभर जिरं घातलेली बाटली मला सगळ्यात आवडते. रंग असा येतो की पाहुणे आधी त्याबद्दलच विचारतात. आल्याचे काप, आवळा, जांभूळ, करवंद, लिंबाची साल हेही छान. जांभळाचा तुरटपणा चहाच्या तुरटपणाशी इतका जुळतो की फळ कुठे संपतं आणि चहा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

टाळा: हापूसचा रस उदार हाताने ओतणं. एका मे महिन्यात मी पाऊण लिटरच्या बाटलीत वाटीभर रस घातला, कपाटात ठेवली आणि दोन दिवसांसाठी गावाला गेलो. आल्यावर कपाटाचं दार आतून पिवळं झालेलं आणि काचेचा चुरा तांदळाच्या डब्यामागपर्यंत गेलेला. त्या वेळी कोणी शेजारी उभं नव्हतं हे नशीब. आंब्यात साखर भरपूर, बाहेर ३८ अंश तापमान, बाटली साधी सरबताची. तिन्ही चुका माझ्या.

करा: दाब सोसणारी जाड, गोल बाटली घ्या. आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली उगाच जाड काचेची नव्हती. प्रत्येक खेपेला एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून टणक लागली की सगळ्याच तयार झाल्या असं समजून फ्रिजमध्ये टाका. गारव्यात यीस्ट मंदावतं.

टाळा: चौकोनी बाटल्या. कोपऱ्यांवर ताण येतो आणि त्या तिथेच तडकतात. बाटली काठोकाठ भरणं, उन्हात ठेवणं आणि फ्रिजमधून काढल्यावर हलवणं हेही टाळा. उघडताना बाटली थंड असू द्या, वर फडकं धरा आणि तोंड माणसांकडे नको.

पिताना

करा: सुरुवात छोट्या कपाने करा. एक कप, जेवणाबरोबर किंवा नंतर. उपाशीपोटी प्यायल्यावर जळजळ होणाऱ्यांना कारण सांगायला नको.

टाळा: औषध म्हणून पिणं आणि औषध म्हणून सुचवणं. कर्करोगापासून टकलापर्यंत सगळ्यावर हा उतारा सांगितला गेला आहे. २००३ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवरचा वैद्यकीय पुरावा तपासला, तेव्हा माणसांवरच्या फायद्याचा दावा टिकेल असं काही त्यांच्या हाती लागलं नाही. २०२३ साली अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांना चार आठवडे रोज २४० मिली कोंबुचा दिला. उपाशीपोटीची साखर सरासरी १६४ वरून ११६ वर आली. आकडा चमकदार आहे, पण माणसं होती बारा. एका जिन्यावरच्या बिऱ्हाडांएवढी. असल्या बातमीवर आपल्या गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो: नका करू.

टाळा: ‘आंबट झाला म्हणजे साखर संपली’ असं समजणं. जिभेला आंबट लागतं तेव्हाही बरीच साखर बाकी असते, फक्त ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. मधुमेह असेल तर हिशेबात धरा.

टाळा: ‘प्रोबायोटिक’ हा शब्द सैल हाताने वापरणं. कोणते जंतू, किती आणि त्यांचा फायदा काय, हे दाखवल्याशिवाय तो शब्द लावता येत नाही, आणि बरणीगणिक जंतू बदलतात. पोटासाठी जिवंत काही हवंच असेल तर ताक आहे, आंबील आहे. ती काही कमी नव्हती. कोंबुचा चवीसाठी प्या, त्यासाठी तो पुरेसा चांगला आहे.

करा: समोरच्याला आधी सांगा की यात थोडं अल्कोहोल असतं. साधारणपणे ०.५ टक्क्याच्या आसपास, पण घरी बाटलीत जास्त दिवस राहिला तर एक-दोन टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतं. २०१० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या होल फूड्स या साखळी दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या होत्या. काहींमधलं अल्कोहोल तिथल्या ०.५ टक्क्याच्या मर्यादेपलीकडे गेल्याची शंका होती. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला, दारू सोडलेल्या माणसाला किंवा ज्याचा धर्म ते मान्य करत नाही अशा माणसाला ‘चहाच आहे’ म्हणून हातात ग्लास देऊ नका. निर्णय त्याला घेऊ द्या.

टाळा: गर्भारपणात, अंगावर पाजत असताना, लहान मुलांना, प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना घरचा कोंबुचा देणं. अल्कोहोलशी भांडणारी औषधं, उदाहरणार्थ मेट्रोनिडाझोल, चालू असतील तर तेवढे दिवस थांबा. १९९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया रक्तातलं आम्ल वाढून गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. कोंबुचामुळेच झालं असं सिद्ध झालं नाही. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटलं की निरोगी माणसाला दिवसाला चार औंस, म्हणजे १२० मिलीच्या आसपास, घेतल्याने त्रास होऊ नये. मी हाच कप धरून चालतो.

करा: प्यायल्यावर पाण्याने चूळ भरा. लगेच दात घासू नका, आम्लाने दाताचं कवच मऊ झालेलं असतं.

टाळा: झोपण्याआधी. चहा आंबला तरी त्यातलं कॅफीन बरंचसं तिथेच असतं.

उपासाला चालतो का, हा प्रश्न मला दर एकादशीला येतो. चहा चालतो, साखर चालते, मग आंबलेलं चालतं का, हे ज्याच्या त्याच्या घरच्या शास्त्रावर. मी त्यात पडत नाही.

विकत घेताना

करा: लेबलवर १०० मिलीमागे साखर किती ते वाचा, आणि बाटली किती मिलीची तेही. पाच ग्रॅमचा आकडा निरुपद्रवी दिसतो, पण ३३० मिलीच्या बाटलीत तो सोळा-सतरा ग्रॅम होतो, म्हणजे तीन-चार चमचे.

टाळा: फ्रिजबाहेर, उन्हात ठेवलेली, झाकण फुगलेली ‘जिवंत’ बाटली. तापवून जंतू मारलेला माल बाहेर राहिला तरी चालतो. फक्त त्यावर जिवंतपणाचा दावा नको.

गावाला जाताना

टाळा: साय फ्रिजमध्ये ठेवून जाणं. थंडीत जिवाणू आणि यीस्ट दोन्ही सुस्तावतात आणि परत आल्यावर लावलेल्या पहिल्या बरणीला बुरशी लागण्याची भीती वाढते.

करा: गणपतीला कोकणात किंवा दिवाळीला गावी निघालात तर साय ताज्या गोड चहात, भरपूर विरजणासकट, कापड बांधून कपाटात ठेवा आणि निर्धास्त जा. महिनाभर ती आपलं आपण सांभाळते. परत याल तेव्हा साय बोटभर जाड झालेली असेल आणि चहा इतका आंबट की घोट घेणार नाही. तो फेकू नका. पाव लिटर नव्या खेपेला विरजण म्हणून घाला आणि उरलेल्यात कांद्याच्या चकत्या आणि हिरवी मिरची बुडवून ठेवा. फक्त वर्षाचं लोणचं त्याच्या भरवशावर घालू नका. बाजारच्या शिरक्यात आम्ल चार टक्क्यांच्या आसपास असतं, तुमच्या बरणीत किती झालं ते कोणी मोजलेलं नाही. हा कांदा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि आठवड्यात संपवायचा. पिठलं-भाकरी असेल तर आठवडा लागत नाही.